पहिला डबा

गुलाबचाचांनी माझं नाव विचारलं ते ओळख झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "हात कशाचा?"

मी गव्हाचा डबा घेऊन त्यांच्या गिरणीत उभा होतो. श्रीगोंद्यात येऊन मला आठ दिवस झाले होते. ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायला लागलो होतो, भाड्याच्या खोलीत हाताने स्वयंपाक करत होतो. चाचांच्या भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, खांद्यावरच्या फडक्यावर पीठ. त्या सगळ्या पांढऱ्यातून दोन काळे डोळे माझ्या तळहातांकडे बघत होते. प्रश्न मला कळला नाही.

"म्हंजी, काम काय करता?"

"बी.एस्सी. झालोय. कॉलेजवर शिकवतो," मी जरा ताठ होऊन सांगितलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या विहिरी खोदल्या, आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी देवाच्या फोटोशेजारी टांगलं होतं. 'बी.एस्सी.' म्हणताना आवाज आपोआप चढायचा.

चाचांनी माझा हात धरून उलटा केला, अंगठ्याने तळवा दाबून पाहिला. "खडूचा," ते म्हणाले. "म्हंजी अजून रिकामाच. ठेवा डबा रांगेत, मास्तर."

मला राग आला होता, हे कबूल करतो. पुढे कळलं, की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. तहसील कचेरीतला साहेब असो की उसाच्या गाडीवरचा गडी, चाचा आधी हात बघत. त्यांचं म्हणणं असं, "मानसाचं तोंड खोटं बोलंल. हात न्हाई बोलायचा."

गिरणीत दुसराही एक कडक कायदा होता, तो डब्यांचा. डबा रांगेत ठेवून माणूस बाजारात गेला तरी त्याचा नंबर त्याचाच. घरातल्या कुणीही डबा आणलेला असला तरी चालायचं. डबा मोजायचा, माणूस नाही. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याच्या माणसाने डबा मध्येच सरकवला, तेव्हा चाचांनी पट्टा उतरवून गिरणीच बंद केली आणि शांतपणे बिडी ओढत बसले. डबा मागे गेला तेव्हाच गिरणी सुरू झाली. स्वतःच्या घरचा डबा मात्र ते नेहमी सगळ्यात शेवटी घेत. "गिरणीवाल्याचं पीठ शेवटी. न्हाईतर लोक म्हनतील, दगड ह्यांचाच नि लंबरबी ह्यांचाच."

त्या भागात दिवसा चार-पाच तास लाईट जायची. लाईट गेली की सगळं गाव करवादायचं आणि गिरणीत मात्र माणसं गोळा व्हायची. एके दिवशी मी डबा न्यायला गेलो तेव्हा गिरणी थांबलेली होती आणि मागच्या पडवीत एका पाण्याने भरलेल्या लोखंडी पिंपाभोवती चाचा गोल गोल चालत होते. पिंपावर लाकडी फळी, फळीवर एक जाड काचेची चकती कडेने खिळे ठोकून बसवलेली. तिच्यावर तेवढीच दुसरी चकती, आणि दोन्हींच्या मध्ये काळपट ओली पूड. चाचा वरची काच पुढे-मागे सरकवत, थोडी फिरवत, एक पाऊल बाजूला होत. घाण्याच्या बैलासारखे. फरक एवढाच, की ह्या बैलाच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दुर्बीन," चाचा म्हणाले. "आकाशाची."

चौथी शिकलेला गिरणीवाला दुर्बिणीचा आरसा घासत होता. दोन सपाट काचा एकमेकींवर घासल्या की वरची हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर, हे मी वर्गात शिकवू शकलो असतो. प्रत्यक्षात काच हातात धरली नव्हती. चाचांनी ती माहिती कुठल्याशा जुन्या मासिकातून फाडून घेतलेल्या चार पानांवरून गोळा केली होती. ती पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी भिंतीला चिकटवली होती.

"ही पूड वळखली का?" त्यांनी चिमूट माझ्या बोटांवर ठेवली. "आमच्या गिरनीच्या दगडात असती तीच. तीस वर्सं ह्या दगडाला टाकी मारतोय. मला काय शिकवतंय मासिक."

पडवीत आणखी तिघं होती. साखर कारखान्यातले पॅनमन भाऊसाहेब, सराफ बाजारातले डहाळे सोनार आणि ग्रामीण रुग्णालयातल्या थोरात सिस्टर. एरवी ही चार माणसं एका ओट्यावर बसली असती असं वाटत नाही. चाचांनी त्यांना हात बघूनच गोळा केलं होतं.

भाऊसाहेबांचं काम उकळत्या पाकात साखरेचा दाणा केव्हा धरतो ते ओळखण्याचं. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन ते अंगठ्याने दाणा चाचपायचे. आमच्याकडे ते पूड चाचपायचे. डोळे मिटून बोटं चोळायचे आणि सांगायचे, "ह्यात दोन मोठे दाने हायेत. गाळा परत." आणि गाळलं की खरंच दोन मोठे दाणे निघायचे. डहाळ्यांचा मान राळेचा. काच घासून झाली की ती चकचकीत करायला राळेची गादी लागते, आणि राळ कडक झाली तर काच ओरबाडते, मऊ झाली तर आकार बिघडवते. सोनार दागिन्यावर नक्षी काढताना तो राळेतच बसवतो. डहाळे राळेचा तुकडा दाताखाली धरून सांगायचे, "मेण थोडं घाला. अजून करकरतीय." फक्त एका गोष्टीला ते भ्यायचे. दुर्बीण झाली की पहिल्यांदा शनी बघायचा, असं चाचांनी ठरवलं होतं. आमच्या जिल्ह्यात शनीचं नाव तेल वाहिल्याशिवाय घेत नाहीत.

"चाचा, चंद्र बघू की. शनी कशाला? साडेसाती आपणहून घरी बोलवायची?"

"साडेसाती तुमच्या दुकानात हाय डहाळे, घडनावळ म्हनत्यात तिला," चाचा म्हणायचे, आणि डहाळ्यांसकट सगळे हसायचे.

शनीच का, हे मला सिस्टरांकडून कळलं. तरुणपणी चाचा नगरला एका विज्ञान प्रदर्शनाला गेले होते, गिरणीतून थेट, कपडे न बदलता. दुर्बिणीतून शनीची कडी दाखवत होते. दीड तास रांगेत उभे राहिल्यावर त्यांचा नंबर आला. दुर्बिणीजवळच्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, काय काम करता विचारलं आणि म्हणाला, "गिरणीवाले का? मग लांबूनच. पीठ पडलं तर काच खराब होईल." मागच्या माणसाने पुढे होऊन डोळा लावला. चाचा शेवटच्या एसटीने परत आले.

"त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "मला चाचींनी सांगितलं. तुम्हीही बोलू नका."

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून लाईटचं वेळापत्रक बघून मी माझे तास बदलून घ्यायला लागलो. पहिले पंधरा दिवस चाचांनी मला काचेला हात लावू दिला नाही. नुसतं पिंपाभोवती चालायला लावलं. "पाय शिकू द्या आधी." मग काच हातात दिली. माझा जोर एका बाजूला पडायचा. चाचा माझ्या हातांवर हात ठेवायचे आणि चालायचे. "दाबू नका. तिला वाटलं पायजे आपनच चाललोय." महिनाभरात माझ्या तळव्याला घट्टा पडला. वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी तो पाहिला आणि अंगठ्याने चाचपला. जाताना आईसाठी निरोप न्यावा तसं म्हणाले, "तिला सांगतो, पोरगं कामाला लागलं."

पूड एकाहून एक बारीक होत गेली. तीन महिन्यांनी काच दुधाच्या सायीसारखी झाली. मग डहाळ्यांनी राळेची गादी ओतली, चकाकीची गुलाबी पावडर आली आणि काचेतून भिंतीवरचं मासिकाचं पान वाचता येऊ लागलं. चाचा दर दहा मिनिटांनी ते पान वाचायचे. पाठ असलेलं.

आणि मग ती चूक झाली. एका दुपारी चाचांनी काच उचलली, उजेडात धरली, तिच्यावर काहीतरी दिसलं म्हणून खांद्यावरचं फडकं ओढलं आणि पुसली. तीस वर्षं दिवसातून शंभर वेळा ते त्या फडक्याने गिरणीचं तोंड, डब्याचे काठ, स्वतःचा चेहरा पुसत आले होते. हात आपोआप गेला. फडक्यात तीन महिन्यांपूर्वीच्या जाड पुडीचा एखादा कण अडकलेला असणार. काच पुन्हा गादीवर फिरली, आणि आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला. बारीक, कर्र असा.

काचेवर मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, चरा पडला होता.

चाचांनी फडक्याकडे पाहिलं. मग काच माझ्या हातात दिली. "बराबर बोलला हुता तो नगरचा," ते म्हणाले. "पीठवाल्या मानसानं काचंपासून लांबच ऱ्हावं." ती गोष्ट त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा आणि शेवटची ऐकली.

त्यानंतर बारा दिवस लाईट गेली तरी पडवी उघडली नाही. चाचा गिरणीच्या ओट्यावर बसून खोकत राहायचे. खोकला जुना होता. पीठ छातीत बसलं आहे, गिरणी सोडा, असं डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. सिस्टरांना ते माहीत होतं. आम्हा बाकीच्यांना तेव्हा कळलं. आता काच नुसती हौसेची राहिली नव्हती. चाचांच्या छातीत दम होता तोवरच ती व्हायला हवी होती.

तेराव्या दिवशी सिस्टर ड्यूटीवरूनच आल्या, पांढऱ्या साडीत. त्यांनी पिशवीतून पाच कोरे कापडी गाऊन काढले आणि ओट्यावर ठेवले.

"चाचा, उठा."

"नगं, सिस्टर. माझ्याच फडक्यानं घात केला."

"आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नवीन माणूस येतो, तो पहिल्या दिवशी काय करतो? घाम आला की रुमालाने तोंड पुसतो. आम्ही त्याला घरी पाठवत नाही. हात धुवायला शिकवतो. कोपरापर्यंत." त्यांनी थोडं थांबून विचारलं, "तुम्ही मला काय म्हणाला होता पहिल्या दिवशी? हात कशाचा?"

"धुतलेला," चाचा पुटपुटले.

"मग आता माझ्या हाताचं ऐका. दगड बोथट झाला म्हणून गिरणी विकता का?"

"टाकी मारतो परत," चाचा म्हणाले. आणि उठले.

त्या दिवसापासून पडवीवर सिस्टरांचं राज्य आलं. दाराशी चपला, दाराशी घड्याळं, कोपरापर्यंत हात, प्रत्येक पुडीला वेगळी बादली आणि वेगळा गाऊन. भाऊसाहेबांना बिडीसाठी फाटकापर्यंत जावं लागे. दाराबाहेर एक खिळा ठोकला आणि चाचांनी आपल्या हाताने फडकं त्याला अडकवलं. खांद्यावर फडकं नसलेले चाचा पहिल्यांदाच बघत होतो. मला ते उघडे वाटले. आम्ही पुडीच्या चार पायऱ्या मागे गेलो, चरा निघेपर्यंत घासलं, आणि पुन्हा पुढे आलो. आणखी अडीच महिने. त्या काळात काचेवर एक रेघ उठली नाही.

शेवटची परीक्षा माझी होती. अंधाऱ्या खोलीत बल्ब लावून, दाढीचं ब्लेड उजेडात हळूच सरकवून काचेवर पडणारी सावली बघायची. सावलीच्या आकारावरून काच कुठे उंच राहिली ते कळतं. हे मला येत होतं, माझ्या पदवीला आलेलं हे पहिलं फळ. मी सांगायचो, "काठाला थोडी उंच आहे," आणि चाचा तेवढंच घासायचे. मी एकदा त्यांना बघायला बोलावलं. त्यांनी मान हलवली. "तुमी सांगा. तुमचा हात रिकामा हुता, म्हनून डोळा तयार झालाय. प्रत्येकानं आपलं काम करावं."

काच पुण्याला पाठवून चांदीसारखा मुलामा देऊन आणली. शेतात वापरतात तसल्या पीव्हीसी पाईपची नळी केली. डिसेंबरात एक बाजाराचा दिवस ठरला, आणि चाचांनी गावाला सांगितलं, "ज्याला बघायचं त्यानं डबा ठेवून जावा."

दुपारपासून गिरणीसमोरच्या अंगणात डबे लागले. स्टीलचे, पत्र्याचे, तेलाचे, एक तर नुसती कळशी. रांग अंगणाला वळसा घालून रस्त्यावर गेली. मी शंभरपर्यंत मोजले आणि सोडून दिले. दुर्बिणीला लागून पहिला डबा होता, त्याच्यावर सिस्टरांचा पांढरा रुमाल टाकलेला.

दिवस मावळला, लिंबाच्या शेंड्याच्या डावीकडे शनी दिसायला लागला. मी तो दुर्बिणीत धरला, आणि कडी दिसली. पण पश्चिमेकडून ढगाची एक भिंत वर येत होती. भाऊसाहेबांनीही ती पाहिली होती. ते माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तर, अर्धा तास. जास्त न्हाई." आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती. रांग शंभराच्या वर, चाचा नियमाप्रमाणे शेवटी, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत शनी ढगात गेलेला. दुसऱ्यांदा.

"चाचा, आधी तुम्ही बघा," मी म्हणालो.

"लंबर म्हंजी लंबर," चाचा म्हणाले. "सिस्टर, पयला तुमचा. या."

"माझा नाही," सिस्टर म्हणाल्या. "रुमाल तेवढा माझा." त्यांनी रुमाल उचलला.

खाली ॲल्युमिनियमचा जुना डबा होता, एका बाजूने चेपलेला, कडीला हिरवी दोरी. गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाने तो रोज रांगेच्या शेवटी पाहिलेला. चाचांच्या घरचा.

चाचांचा चेहरा कठोर झाला. "ह्यो मागं न्या. गिरनीवाल्याचा डबा शेवटी असतो."

तेवढ्यात दारातून चाची बोलल्या. चारचौघांत मोठ्याने बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. "ह्यो डबा गिरनीवाल्याचा न्हाई. माझ्या म्हायेरचा हाय. पहाटं मीच आनून ठेवला, तवा इथं कुनाचाबी डबा नव्हता. विचारा सगळ्यांना."

कुणी विचारलं नाही.

"आनि घरातलं कुनीबी डबा घिऊन आलं तर चालतं, ह्यो कायदा कुनाचा?" चाची म्हणाल्या. "मी तुमाला पाठवलंय. जावा, दळून आना."

रांगेत हसू फुटलं, पार रस्त्यापर्यंत गेलं. डहाळे म्हणाले, "अडकले चाचा. स्वतःच्याच दगडात."

चाचांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग बादलीपाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, वारा देऊन वाळवले. पुसायला फडकं नव्हतंच. वाकले आणि डोळा लावला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ढग चढत होता आणि रांगेतलं एकही माणूस 'आटपा' म्हणालं नाही. मग चाचा तसेच वाकलेले असताना हळूच म्हणाले, "आवं, ही तर गिरनीच हाय. मधी जातं, भवती पीठ."

मी कॉलेजात शनीच्या कड्यांवर शिकवतो तेव्हा मुलांना आधी हे वाक्य सांगतो. कणांची माहिती नंतर.

ढग आला. शनी झाकला गेला तेव्हा जेमतेम वीस डबे पुढे सरकले होते. मला वाटलं, लोक पांगतील. पण ही गिरणीची माणसं होती. लाईट गेली की डब्यापाशी बसून राहायची त्यांना सवय होती. कुणी तंबाखू मळायला घेतली, कुणी शेंगा काढल्या. पाऊण तासाने ढग तसाच पुढे नगरच्या बाजूला सरकला आणि रांग पुन्हा चालू झाली.

चाचा दुर्बिणीजवळ उभे होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "हात कशाचा?" चांभाराचा, केळीवाल्याचा, पंक्चरवाल्याचा, एसटीच्या स्टिअरिंगचा. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई नंबर आल्यावर मागे सरली. पाचटाने तिचे हात काळे झाले होते. "नगं बाबा. माझं हात घान हायेत. तुमची काच खराब व्हईल."

चाचांनी नळी जागच्या जागी फिरवून बघायचं भोक तिच्यासाठी थोडं खाली आणलं.

"हात ऱ्हाऊ द्या तसंच, बाई," ते म्हणाले. "डोळा लावायचाय. या म्होरं."

तिने बघितलं. मग आपल्या टोळीतल्या बायकांना हाक मारून सांगितलं, "चला गं, हाय खरंच." सगळ्यांचं झाल्यावर चाचांनी आपला चेपका डबा उचलला आणि शेवटच्या डब्यामागे नेऊन ठेवला. दुसऱ्यांदा बघायला. डहाळ्यांनीही पाहिलं, आणि आजतागायत त्यांना साडेसाती लागलेली नाही.

पुढच्या वर्षी चाचांनी गिरणी बंद केली, पडवी मात्र उघडी ठेवली. त्यानंतर दोन पावसाळे ते होते. त्या काळात आणखी तीन काचा झाल्या. त्यांतली एक भंडारदऱ्याकडच्या एका शाळेत आहे, जिथलं आकाश आमच्यापेक्षा काळं आहे. पडवीत आता एक गवंडी येतो, एक वकील येतो, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एक ताई येतात, आणि त्यांच्या हातासारखा हलका हात मी पाहिलेला नाही. दाराबाहेरच्या खिळ्याला फडकं तसंच आहे. सिस्टरांनी ते धुवायला कुणाला दिलेलं नाही.

दुर्बीण दाखवायची असली की लोक अजून डबे आणतात. चाची त्यांचा डबा पहाटे आणून ठेवतात, सगळ्यांच्या आधी. अंधार पडला, ग्रह दुर्बिणीत धरला, की मी विचारतो, "पहिला डबा कुणाचा?" रांग सांगते, "चाचांचा." मग आम्ही सगळे मागे सरकतो, आणि एक मिनिटभर दुर्बिणीला कुणी डोळा लावत नाही.

तेवढं झालं, की मी दुसऱ्या डब्याला हाक मारतो.